कारळ्याची चटणी

आमच्या घरात टीव्हीच्या खाली एक कप्पा आहे. त्यात दोन जुने रिमोट, संपलेले सेल, गॅसचं पुस्तक आणि पोटाची औषधं असतात. गुलाबी पातळ औषधाची बाटली (तळाशी दोन चमचे उरलेली, झाकण चिकटलेलं), ईनोच्या पुड्या, हाजमोलाची डबी, ओव्याचा अर्क, इसबगोल, पॅन्टोप्राझोलची अर्धी स्ट्रिप, आणि एक पिवळट गोळी, जिला घरात सगळे 'ती जुलाबाची' म्हणतात. तिचं नाव कोणालाच ठाऊक नाही, पण सोसायटीच्या खालच्या मेडिकलवाल्याला 'ती जुलाबाची द्या' म्हणलं की तो बरोब्बर तीच देतो. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक पुणेकराच्या घरात असा एक कप्पा आहे. नसेल तर डबा आहे.

आज हे सगळं लिहायला बसलोय ते त्या कप्प्याबद्दल. म्हणजे खरं तर बाबांनी एकदा विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल. पण त्याआधी थोडं विषयांतर, कारण शनिवार आहे आणि वेळ आहे.

ज्यांनी कधी जावामध्ये कोड लिहिलाय त्यांना रिकामा कॅच ब्लॉक माहीत असेल. प्रोग्रॅममध्ये काहीही बिघडलं, फाइल सापडली नाही, मेमरी संपली, डेटाबेस बंद पडला, तरी तो ते सगळं पकडतो आणि गप्प बसतो. ना लॉग, ना मेसेज. वरवर सगळं सुरळीत चालू. नवीन मुलं हे हमखास करतात आणि कोड रिव्ह्यूमध्ये शिव्या खातात, कारण तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता प्रॉडक्शन झोपतं तेव्हा नक्की कधी काय बिघडलं याचा काहीही पुरावा हातात नसतो. आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांमध्ये पोटाच्या बाबतीत असाच एक रिकामा कॅच ब्लॉक लिहून ठेवलेला आहे. त्याचं नाव 'गॅसेस'. थोड्या सुशिक्षित घरांमध्ये 'अ‍ॅसिडिटी'.

छातीत जळजळतंय? अ‍ॅसिडिटी. बेंबीपाशी कळ येतेय? गॅसेस. भूक मेली आहे, दोन घासांत पोट भरतंय? गॅसेसच. पाठीत दुखतंय? तो गॅस फिरत असतो ना अंगात.

गंमत म्हणजे आपली भाषा या बाबतीत मुळीच गरीब नव्हती. माझ्या आजीकडे पोटासाठी किती शब्द होते ते मी परवा आठवून पाहत होतो. पोट डब्ब होणं वेगळं आणि तडस लागणं वेगळं. मुरडा वेगळा, कळ वेगळी, पोटात गोळा येणं आणखी वेगळं. करपट ढेकर आली की अजीर्ण. उलट्या-जुलाब दोन्ही एकदम सुरू झाले की मोडशी. नुसते पाण्यासारखे झाले तर ढाळ, चिकट पडलं तर आव, आणि त्यात लाल दिसलं की आव-रक्त, आणि मग मात्र आजी ओव्याच्या नादाला न लागता सरळ आजोबांना डॉक्टरांकडे पिटाळायची. हे शब्द म्हणजे चक्क एरर कोड होते! कुठला घरी निस्तरायचा आणि कुठला वर पाठवायचा हे शब्दातच ठरलेलं होतं. आम्ही शिकलो, इंग्रजी शाळेत गेलो, आणि पंधरा-वीस कोडचा एक कोड करून टाकला.

असो. तर बाबा.

जून २०२३ मधली गोष्ट. सोमवार होता, मी घरूनच काम करत होतो. बाबा (तेव्हा वय ७१, बँकेतून निवृत्त, रोज सकाळी चालायला जाणारे, स्वतःच्या तब्येतीबद्दल गाढ आत्मविश्वास बाळगणारे) माझ्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "अरे, हल्ली आपल्याकडे कारळ्याची चटणी जरा जास्त होतेय का?"

मी हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणलं, "काय?"

"नाही, कारळ्याची चटणी. काळी असते ना ती. म्हणून विचारलं."

मी म्हणलं, "बाबा, चटणीचं आईला विचारा ना, मी कॉलवर आहे." ते "बरं बरं" म्हणून गेले. मी हेडफोन परत लावला. कॉल कशाबद्दल होता ते आज आठवत नाही. बाबांचं वाक्य मात्र शब्द न् शब्द आठवतं.

गुरुवारी संध्याकाळी ते दूध आणायला म्हणून खाली गेले आणि जिन्यात बसले. लिफ्ट बंद होती. शेजारच्या काकूंनी वर येऊन सांगितलं की अहो, काका जिन्यात बसलेत, पांढरेफटक पडलेत. मी खाली धावलो तर बाबा कठड्याला टेकून बसलेले, कपाळावर घाम, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर "काही नाही रे, गॅस अडकलाय."

हॉस्पिटलमध्ये हिमोग्लोबिन निघालं ६.२. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कपडे-बूट न बघता पहिल्याच मिनिटाला विचारलं, "काका, संडासला काळी होते का? डांबरासारखी, चिकट, घाण वास येणारी?" आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मी याला विचारलं होतं सोमवारी."

माझे त्या क्षणी काय झालं ते लिहित नाही.

झालं होतं असं. बाबांना हृदयासाठी म्हणून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी काही वर्षं चालू होती. त्यात गुडघे दुखायला लागले म्हणून ते महिनाभर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून घेत होते, कधी नाश्त्यानंतर, कधी नुसत्या चहावर. अ‍ॅस्पिरिन काय किंवा डायक्लोफिनॅक काय, दोन्ही औषधं जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षण करणारी जी रसायनं शरीर बनवतं, तीच कमी करतात. एकटं औषधही व्रण करू शकतं. दोन्ही एकत्र, त्यात सत्तरीचं वय, म्हणजे आमंत्रणच. त्यावर 'जळजळ होतेय' म्हणून कप्प्यातलं गुलाबी औषध घेणं चालू होतं, त्यामुळे जळजळ तात्पुरती दबायची आणि मूळ दुखणं खाली निवांत वाढत राहायचं. आता रक्त जठरातून निघालं की आतड्यांतून खाली येईपर्यंत पचतं आणि काळं होतं, म्हणून ते लाल दिसत नाही. ही एक गोष्ट जर आमच्या घरात कोणाला माहीत असती तर सोमवारी दारातच कळलं असतं. मला हृदयाच्या स्टेंटचे प्रकार माहीत होते, कोविडच्या लशींची आतली यंत्रणा माहीत होती, पण हे माहीत नव्हतं. (लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी शौचाला काळपट होते, आणि बीट खाल्लं की लाल. ते वेगळं. पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर चटणीवर ढकलायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.)

दुर्बीण घालून व्रण दिसला, तिथेच चिमटा लावून रक्त थांबवलं, तीन बाटल्या रक्त चढवलं. तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही निघाला. हा तोच जंतू, ज्याने व्रण होतात हे कोणी मानेना म्हणून बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन दाखवला होता आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळवलं. त्याआधी जगभर सांगत होते की व्रण होतो तो काळजीने आणि तिखटाने. आमच्या नात्यात अजून तेच सांगतात. बाबांना चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स झाला आणि ते बरे झाले. सुदैव. निव्वळ सुदैव.

पण मला नंतर कित्येक दिवस छळत राहिली ती ती चटणी. तीन दिवस माणसाला काहीतरी भयंकर दिसतंय, तो घाबरलाय, आणि घरात सांगताना तो चटणीचा आडपडदा घेतोय. का? कारण आमच्याकडे 'संडास' हा शब्द जेवणाच्या टेबलाच्या दहा फुटांत उच्चारायचा नाही. लहानपणी 'शी', मोठेपणी 'दोन नंबर', म्हातारपणी 'पोट साफ'. आणि दुसरीकडे बघा, ऑफिसात आम्ही सगळे मॅनेजरला बिनदिक्कत मेल टाकतो, 'स्टमक अपसेट, टेकिंग सिक लीव्ह'. पस्तीस जणांच्या टीमला कळतं की आज याला जुलाब होतायत, आणि कोणाला काही वाटत नाही, कारण ते इंग्रजीत आहे! सख्ख्या मुलाला मराठीत सांगायचं तर कारळे.

हे झालं दुर्लक्षाचं टोक. दुसरं टोक मी दीड वर्षाने पाहिलं.

आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. २०२५ च्या जानेवारीत आमचा सिंहगड रस्ता एकदम देशभरच्या बातम्यांमध्ये आला. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागोमाग एक सापडायला लागले. एरवी लाखात एखाद-दोघांना वर्षभरात होणारा हा आजार, आणि इथे महिन्या-दोन महिन्यांत पुणे आणि आसपास मिळून संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. डझनभराच्या आसपास माणसं गेली. बऱ्याच रुग्णांची कहाणी एकसारखी होती, आधी जुलाब-उलट्या, मग काही दिवस बरं, आणि मग पायातली ताकद जायला लागली. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही, १९५२ पासून आपल्या गावात आहे) शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आणि काहींमध्ये नोरोव्हायरस मिळाला.

या आजाराची यंत्रणा इतकी विलक्षण आहे की इंजिनिअर माणसाला राहवत नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणावर काही रेणू असतात आणि आपल्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावर जवळजवळ तसेच दिसणारे रेणू असतात. शरीर जंतूंविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, जंतू मरतो, जुलाब थांबतात, आणि मग त्याच अँटिबॉडी स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात. फायरवॉलचा नियम जरा सैल लिहिला गेला आणि त्याने आपलाच सर्व्हर ब्लॉक केला, तसं. हे ढोबळमानाने कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या हजारात एखाद्यालाच होतं, आणि पोट बिघडल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी. (१९१६ मध्ये या आजाराचं वर्णन तीन फ्रेंच डॉक्टरांनी मिळून केलं होतं, गिया, बारे आणि स्ट्रोल. स्ट्रोल यांचं नाव पुढे गळून गेलं. प्रोजेक्टमध्ये होतं असं.)

त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जे चाललं होतं ते विचारू नका. पनीर खाऊ नका, भात खाऊ नका, कोंबडीचं नाव काढू नका, अमुक गोळी आधीच घेऊन ठेवा. किरकटवाडीला राहणारा माझ्या टीममधला एक मुलगा, त्याला दोनदा पातळ झाली म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी मेंदूविकार तज्ज्ञाकडे जाऊन बसला. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, तू आज इथे येऊन मला करण्यासारखं काहीच नाही. आज भरपूर पाणी पी, साखर-मीठ-पाणी घे. पण पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेव. दोन्ही पायांना मुंग्या, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, जिना चढताना पाय न उचलणं, चप्पल पायातून निसटणं, आणि हे तासागणिक, दिवसागणिक वर सरकत वाढणं, असं काही झालं तर मात्र मध्यरात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलात ये, सकाळची वाट बघू नको. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर क्षणही घालवू नको.

मला हे बोलणं इतकं आवडलं की मी ते त्याच्याकडून दोनदा ऐकलं. जुलाबाने अशक्तपणा येतोच, पण तो खाल्ल्या-प्यायल्यावर उतरतो. जीबीएसचा अशक्तपणा जुलाब थांबल्यावर येतो आणि चढत जातो. यावरची औषधं म्हणजे आयव्हीआयजीची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं, आणि ती लवकर, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत दिली तर जास्त उपयोगी पडतात. म्हणून 'उद्या बघू' इथे महाग पडतं. बहुतेक लोक बरे होतात, पण काही महिने घेऊन.

तर माझा मुद्दा असा आहे. आपण डॉक्टरकडे जायचं की नाही हे ठरवताना एकच प्रश्न विचारतो, 'किती दुखतंय?' आणि हा प्रश्न पोटाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. गॅसने माणूस गडाबडा लोळतो आणि ढेकर आली की उठून चहा पितो. उलट बाबांना दुखत असं नव्हतंच. आतड्याच्या कॅन्सरमध्ये कितीतरी दिवस दुखत नाही. किती दुखतंय याच्याऐवजी सोबत काय आहे, किती दिवस आहे आणि कोणाला होतंय, हे तीन प्रश्न विचारले तर निम्म्याहून जास्त गोंधळ मिटतो असं माझं मत झालंय.

सोबत काय, म्हणजे रक्त. लाल किंवा काळं, शौचात किंवा उलटीत. मूळव्याध आहे, जुनीच आहे, हे आपण स्वतः ठरवायचं नाही, एकदा डॉक्टरला ठरवू द्यायचं. सोबत जोराचा ताप. सोबत न ठरवता उतरलेलं वजन (जिममध्ये न जाता पँट सैल झाली की आपल्याकडे अभिनंदन करतात!). घास अडकणं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकलेलं आणि तिथे ठाण मांडलेलं दुखणं, ते अपेंडिक्स असू शकतं, आणि त्यावर 'पोट साफ नाही' म्हणून एरंडेल पाजणं हा जुना आणि घातक प्रकार आहे. पोट फुगून कडक झालंय, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नाही, हेही थांबायचं प्रकरण नाही.

किती दिवस, म्हणजे शौचाची रोजची सवय कारण नसताना बदलली आणि तीन आठवड्यांत परत जागेवर आली नाही. महिनोन् महिने पॅन्टोप्राझोल 'रिकाम्या पोटी एक' चालू आहे, कोणी आणि का सुरू केली ते आठवत नाही. माझ्या ऑफिसात अशी माणसं टेबलागणिक एक सापडतील. ही गोळी वाईट नाही, उत्तम आहे, पण ती आवाज बंद करते. आवाज का येतोय ते एकदा कोणीतरी बघितलेलं असायला हवं ना?

आणि कोणाला. पंचविशीतल्या मुलाने रविवारी मिसळीवर दोनदा तर्री मागवून घेतली आणि सोमवारी जळजळलं, तर त्याला ताक द्या. तीच जळजळ पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झाली असेल तर ती नवी गोष्ट आहे, ती दाखवायची. मधुमेह असलेल्या, साठीच्या माणसाला किंवा बाईला पोटाच्या वरच्या भागात दडपल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, मळमळतंय, तर ते पोट नसून हृदय असू शकतं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका हुबेहूब अपचनाचं सोंग घेतो. बायकांमध्ये तर छातीत कळ न येताच. तिथे ईनो घेऊन अर्धा तास बघू म्हणणं म्हणजे तो अर्धा तास हृदयाच्या स्नायूच्या हिशेबातून वजा करणं. १०८ ला फोन करा. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात, आणि गॅसच निघाला तर घरी येऊन खुशाल हसा.

लहान मुलांचं गणित पुन्हा वेगळं. त्यांच्यात धोका जुलाबापेक्षा पाणी कमी होण्याचा. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, मूल मलूल पडलंय, तर पिवळी गोळी शोधत बसायचं नाही. खरं तर मुलांना जुलाब थांबवायच्या गोळ्या द्यायच्याच नसतात. आणि मोठ्यांनीही ताप किंवा रक्त असताना त्या घ्यायच्या नसतात. ती आमची 'जुलाबाची' म्हणजे कप्पा साफ करताना वाचलं तर नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल निघाली. दोन प्रतिजैविकं, चिठ्ठीशिवाय, अर्धा कोर्स. आम्ही ती वर्षानुवर्षं चण्यासारखी खाल्ली आहे. आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू या जातीच्या औषधांना आता बरेचदा दादच देत नाहीत.

त्यापेक्षा ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मीठ-पाण्याची पिंपं भरून लोकांना पाजलं आणि हजारोंचे जीव वाचले. साखर असली की आतडं तिच्याबरोबर मीठ आत घेतं आणि मिठामागे पाणी जातं, एवढीच युक्ती. पण प्रमाण महत्त्वाचं. मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्ये, एकदम. ग्लासभर पाण्यात अर्धी-मुर्धी पुडी नाही. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि मेडिकलच्या फ्रीजमधली ती रंगीत, गोड खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. वर्षानुवर्षं त्यांच्यावर 'ओआरएस' छापलेलं असायचं, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्याविरुद्ध भांडत राहिल्या, आणि शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसं नाव वापरायला बंदी केली. जास्त साखरेने जुलाब उलट वाढतात.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, नाहीतर सगळा दोष माणसाच्याच गळ्यात पडेल. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. कर पालिकेचा सुरू झाला, पण पाणी? नांदेडच्या विहिरीत धरणाचं पाणी यायचं आणि क्लोरीन टाकून पुढे जायचं. मधे गाळण्याचं शुद्धीकरण केंद्र नव्हतं. टोलेजंग इमारती मात्र उभ्या राहिल्या. मी कितीही शहाणपणाने लक्षणं ओळखायला शिकलो, पाणी उकळून प्यायलो, तरी रस्त्यावरच्या हॉटेलात, बांधकामावरच्या मजुराच्या झोपडीत, शाळेतल्या टाकीत जे पाणी येतं ते मी उकळू शकत नाही. पोटाची काळजी घ्या म्हणून पत्रकं वाटणं सोपं आहे, फिल्टर प्लांट बांधायला पैसे आणि वर्षं लागतात. दोन्ही हवं. पण पत्रक वाटलं म्हणजे दुसरं झालं असं धरायची आपल्या शहराला फार सवय आहे.

कप्पा मी आवरला. पिवळ्या गोळ्या, तारीख उलटलेली गुलाबी बाटली, सगळं गेलं. ओआरएसच्या चार पुड्या, इसबगोल, ओव्याचा अर्क (तो आईने काढू दिला नाही, आणि मीही फार भांडलो नाही) आणि एक थर्मामीटर आहे. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, त्यावर बाबांच्या चालू औषधांची नावं आणि कुठल्या गोळ्या त्यांनी परस्पर घ्यायच्या नाहीत ते मोठ्या अक्षरात. गुडघ्यांसाठी आता डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल आणि व्यायाम.

बाबांमध्ये मात्र एक बदल झाला, ज्याची आम्ही कोणी तयारी केली नव्हती. हॉस्पिटलमधून आल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पहिल्याच रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना, ताटात वरणभात, माझे सासू-सासरे आलेले, त्यांनी घसा खाकरून जाहीर केलं, "आज काळी झाली आहे, पण ती लोहामुळे. चिकट नाही, वासही नाही. कोणी घाबरू नये." माझे सासरे भात कालवायचे थांबले. आई म्हणाली, "अहो!" आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

मी बाबांना चटणी वाढली.